पूर्वलक्षी कायदा वेगळा आणि जुनी तारीख बघणारा कायदा वेगळा

सोलापुरात सात रस्त्यावर चहा घेताना नागरिकत्वाचा विषय निघाला की एकजण तरी म्हणतोच, "कायदा मागच्या तारखेपासून लावलाय." बऱ्याचदा तसं काही नसतं, कायद्यात जुनी तारीख दिसली की लोकांना तो पूर्वलक्षी वाटतो.

सिव्हिल हॉस्पिटलात जन्मलेली तीन माणसं घ्या. एक 1985 चा, तो भारतात जन्मला एवढं पुरे, आईबाप कुठले हे बघतच नाहीत (परदेशी राजदूताचं पोर वगैरे सोडा). दुसरी 1990 ची, तिला आईबापापैकी एकजण भारतीय लागतो, कारण 1 जुलै 1987 पासून नियम बदलला. तिसरा 2006 चा, 3 डिसेंबर 2004 नंतरचा, म्हणून एकजण भारतीय असून भागत नाही, दुसराही भारतीय पाहिजे किंवा निदान बेकायदा आलेला नको. म्हणजे नियम दोनदा कडक झाला तरी 1985 वाल्याचं नागरिकत्व जागच्या जागी, आज कागद तपासताना जन्मतारीख बघतात इतकंच.

2019 च्या सीएएमध्ये (नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात) मात्र दोन्ही गोष्टी आहेत बघा. 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेला पाहिजे ही नुसती पात्रतेची अट, पण एकदा नागरिकत्व मिळालं की ते भारतात आल्या दिवसापासून धरायचं आणि बेकायदा स्थलांतराची चालू केस बंद, हा भाग खरा पूर्वलक्षी, फक्त फायद्याचा.

तोट्याचा बघायचा तर अमेरिकेचा 1996 चा कायदा. आधी चोरीत पाच वर्षांची शिक्षा झाली तर ती डिपोर्ट करण्याइतक्या (देशाबाहेर काढण्याइतक्या) गंभीर गुन्ह्यांत जायची, ते एका वर्षावर आणलं, शिक्षा स्थगित असली तरी मोजायची, आणि वर स्पष्ट लिहिलं की दोषी आधी ठरलेला असो की नंतर, सगळ्यांना लागू. ग्रीन कार्डवाले कैक लोक केस मिटून वर्षं झाल्यावर अडकले. मागून शिक्षा वाढवायला तिथल्या संविधानात बंदी आहे की, पण डिपोर्ट करणं ही शिक्षाच नाही असं धरून तिथल्या सुप्रीम कोर्टानं 1952 मध्येच ती वाट बंद केली होती. आपल्या संविधानाचं कलम 20(1) पण गुन्हा आणि शिक्षेपुरतंच आहे.

कायदा गप्प असेल तिथं मात्र कोर्ट वाचवतं. अमेरिकेत ग्रीन कार्डवर राहणाऱ्या व्हार्टेलास या ग्रीक माणसानं 1994 मध्ये गुन्हा कबूल केला, 2003 मध्ये ग्रीसला जाऊन आला तर विमानतळावर अडवला, आणि 2012 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की जुनी केस असलेल्याला परदेशवारीवरून परतताना अडवायचं कलम मागं लागू करा असं 1996 च्या कायद्यात कुठं लिहिलंय, याला जुनाच नियम. तेव्हा ग्रीन कार्डवाल्या पोराची तिकडं एखादी जुनी केस असेल तर गड्ड्याला (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला) यायचं तिकीट काढण्याआधी त्यानं कोर्टाची ऑर्डर घेऊन तिथल्या इमिग्रेशन वकिलाला गाठावं, दोषी ठरल्याची तारीख आणि नेमकं कलम दोन्ही दाखवावं.