दृश्य अवधान आणि नेत्रगती

दृष्टिक्षेत्रातील एखादा भाग निवडून इतरांपेक्षा त्याचे आकलन अधिक बारकाईने करण्याची मेंदूची क्रिया म्हणजे दृश्य अवधान. दृष्टिपटलाच्या मध्यावरील फोव्हिया या खोलगट भागाला बारकावे सर्वांत स्पष्ट दिसतात. मात्र त्याच्या वाट्याला दृष्टिक्षेत्राचे जेमतेम 1 ते 2 अंश येतात. म्हणून डोळे सेकंदाला सुमारे तीन-चार वेळा झेप घेतात. या झेपेला सॅकेड म्हणतात.

नजर एकीकडे आणि लक्ष दुसरीकडे असू शकते, हे व्यवहारात सर्वांना ठाऊक असते. त्याची प्रयोगाने पडताळणी जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी केली. अंधारात एका प्रकाशबिंदूवर नजर खिळवून त्यांनी आधीच ठरवलेल्या दुसऱ्या भागाकडे लक्ष ठेवले. विजेच्या ठिणगीच्या उजेडात त्यांना त्याच भागातील अक्षरे ओळखता आली. ठिणगी इतकी क्षणिक होती की डोळे हलवायला अवधीच नव्हता. या प्रयोगाचा काळ कोणी 1867, तर कोणी 1890 च्या दशकातील देतात. ही तफावत बहुधा त्यांच्या प्रकाशकीविषयक ग्रंथाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांमुळे पडली असावी. मानसशास्त्रज्ञ मायकेल पोस्नर यांनी 1980 मध्ये अशा प्रच्छन्न (नजर न हलवता दिलेल्या) अवधानाचे मापन प्रतिसादाच्या वेळेवरून करण्याची पद्धत रूढ केली.

खरा वाद पुढे आहे: अवधान आणि नेत्रगती या एकच क्रिया आहेत की वेगळ्या? जाकोमो रित्सोलात्ती व सहकाऱ्यांनी 1987 मध्ये मांडलेल्या पूर्वप्रेरक सिद्धांतानुसार अवधान ही स्वतंत्र यंत्रणा नव्हे. डोळ्यांच्या झेपेची तयारी करून ती ऐनवेळी रोखून धरणे म्हणजेच प्रच्छन्न अवधान. याला भक्कम आधार आहे. झेप घेण्याआधीच तिच्या लक्ष्यस्थानी वस्तू ओळखण्याची क्षमता वाढते, आणि त्या क्षणी लक्ष अन्यत्र ठेवणे जवळजवळ अशक्य ठरते (डॉयबेल व श्नायडर, 1996). मेंदूच्या पुढच्या भागातील, म्हणजे ललाटखंडातील, नेत्रगतीशी निगडित नेत्रक्षेत्राला डोळे हलणार नाहीत इतक्या क्षीण विद्युत्प्रवाहाने उद्दीपित केले असता, दृश्य बाह्यकाच्या (मेंदूच्या पृष्ठभागावरील दृष्टिविषयक थराच्या) व्ही-4 या भागात दृष्टिक्षेत्रातील त्याच जागेशी निगडित चेतापेशींचा प्रतिसाद वाढतो, असे टिरिन मूर व कॅथरीन आर्मस्ट्राँग यांना 2003 मध्ये माकडांत आढळले.

तथापि याच नेत्रक्षेत्रात दृश्य उद्दीपनाला प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी वेगळ्या आणि हालचालीशी निगडित चेतापेशी वेगळ्या असतात. काहींत दोन्ही गुण आढळतात. नजर स्थिर ठेवून लक्ष वळवणाऱ्या माकडांत पहिल्या प्रकारच्या चेतापेशी सक्रिय राहिल्या, तर दुसऱ्या प्रकारच्या दबल्या गेल्या (टॉम्पसन व सहकारी, 2005). झेपेची तयारी हेच अवधान असते, तर दुसऱ्या गटातही काही चाळवाचाळव दिसायला हवी होती. जन्मापासून डोळे हलवू न शकणाऱ्या एका व्यक्तीत अचानक चमकलेल्या खुणेकडे लक्ष खेचले जाण्यात दोष आढळला. स्वेच्छेने लक्ष वळवणे मात्र शाबूत होते (2004). त्यामुळे दोन्ही क्रियांचे मेंदूतील जाळे बरेचसे सामायिक असले, तरी त्या एकच नव्हेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मेंदूच्या पार्श्विक खंडातील क्षेत्रांत दृश्यातील वस्तूंचा अग्रक्रम, म्हणजे कोणत्या वस्तूकडे आधी लक्ष द्यायचे हे, नोंदवणारा नकाशा असावा, असे मानतात.

मध्यमस्तिष्कातील सुपीरियर कॉलिक्युलस हे केंद्र पूर्वी केवळ नेत्रगतीचे समजले जाई. माकडांत त्याचा काही भाग औषधाने तात्पुरता निष्क्रिय केला असता, डोळे न हलवताही त्या भागाशी संबंधित खुणांकडे दुर्लक्ष होऊ लागले (2010). पुढे 2012 मध्ये असेही आढळले की, तशा अवस्थेत दृश्य बाह्यकातील चेतापेशींवरचा अवधानाचा नेहमीचा परिणाम टिकून होता. वर्तनात मात्र त्याचा लाभ दिसत नव्हता.