पहाटे वाढणारी साखर: रात्रीचं इन्सुलिन कमी की जास्त, या वादाची पार्श्वभूमी

मधुमेहासाठी रात्री इन्सुलिन घेणाऱ्याची रक्तातली साखर झोपताना १३० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर), उठल्यावर १९०, आणि मधल्या सात-आठ तासांत पोटात काहीही गेलेलं नाही. अशा वेळी रात्रीचं इन्सुलिन कमी करायचं की वाढवायचं, यावर वैद्यकात अनेक दशकं वाद झाला. दोन्ही सल्ले आजही ऐकू येतात.

'कमी करा' हा सल्ला जुना. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या एका जीवरसायनशास्त्रज्ञानं मांडलं, की इन्सुलिन जास्त झालं तर रात्री साखर फार खाली जाते, शरीर ॲड्रेनलिन आणि ग्लुकागॉन ही साखर वाढवणारी संप्रेरकं सोडतं, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं आणि सकाळचा आकडा चढतो. याला पुढे रिबाउंड म्हणू लागले. त्या काळी घरात रक्त तपासायची सोय नव्हती. लघवीचे थेंब निळ्या द्रावणात उकळून रंग हिरवा होतो की विटकरी, एवढंच पाहता येई. रात्री दोन वाजता रक्तात काय चाललंय ते त्यातून कळणं शक्य नव्हतं, त्यामुळे हे म्हणणं खोडायलाही कोणाकडे काही नव्हतं.

१९८१ मध्ये 'डॉन फिनॉमेनन', म्हणजे पहाटेची वाढ, हे नाव पुढे आलं. झोपेत स्रवणारं वाढीचं संप्रेरक आणि पहाटे चढणारं कॉर्टिसॉल यकृताकडून साखर सोडवून घेतात. निरोगी स्वादुपिंड त्याच वेळी थोडं जास्त इन्सुलिन देतं. मधुमेहात ते पुरत नाही. साखर आधी खाली जायची गरजच नाही. १९८०च्या दशकात रात्रभर दर काही वेळानं रक्त तपासून अभ्यास झाले आणि साखर उतरलेल्या रात्रीनंतरची सकाळ बहुतेक वेळा उलट कमीच निघाली. सकाळी चढलेल्या आकड्यामागे मुख्यतः रात्रीचं इन्सुलिन ओसरणं असतं. तरीही नुसता सकाळचा आकडा पाहून डोस घटवायची सवय टिकून आहे, आणि तिच्यामुळे कित्येकांची साखर वर्षानुवर्षं विनाकारण चढती राहते.

या सवयीचं मूळ औषधातही आहे. १९४६ मध्ये तयार झालेलं एनपीएच हे मध्यम मुदतीचं दुधट इन्सुलिन टोचल्यावर साधारण ४ ते १० तासांत जोरावर येतं. संध्याकाळी सातच्या जेवणाआधी घेतलं, तर जोर मध्यरात्रीच्या आसपास आणि पहाटे ओसर. इथे नुसता डोस वाढवला, तर दोन वाजता साखर ६० पर्यंत उतरते आणि सकाळ चढलेलीच राहते. एनपीएच वेगळं टोचत असाल, तर डॉक्टर ते झोपताना, दहा-अकराला न्यायला सांगू शकतात. ३०/७० मिश्रणात (३० टक्के जलद, ७० टक्के एनपीएच) ही सोय नाही, कारण त्यातला जलद भाग जेवणाला बांधलेला असतो. २००० नंतर आलेल्या, चोवीस तास जवळपास सपाट चालणाऱ्या इन्सुलिनांनी ही कोंडी बरीच सोडवली.

म्हणून निर्णयाआधी दोन-तीन रात्री झोपताना, तीन वाजता आणि उठल्यावर, असे तीन आकडे हवेत. तीनला ७० च्या खाली असेल तर डोस घटवायलाच हवा, रिबाउंड असो वा नसो. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. घाबरून चार लाडू खाल्ले तर सकाळचा २५० त्या लाडवांचा असतो. तीनला ठीक आणि सहाला चढलेली, तर पहाटेची वाढ किंवा इन्सुलिनचा ओसर. झोपतानाच २०० आणि रात्रभर तीच, तर उशिराचा भात किंवा अपुरा डोस. दंडावर सतत साखर मोजणारा सेन्सर लावणाऱ्यांनी त्या दंडावर झोपू नये; दाबानं खोटा कमी आकडा येतो.

किनारपट्टीवर आकडाच फसवा असू शकतो. आंबा-फणस हाताळलेल्या बोटाचा थेंब साखर खोटी चढवतो. साबणानं धुवून, कोरडं करूनच टोचावं. पावसाळ्यातल्या दमट हवेत डबीचं झाकण उघडं राहिलं की साखर तपासायच्या पट्ट्या बिघडतात. दुधट इन्सुलिनची बाटली हलक्या हातानं तळव्यांत फिरवून एकसारखी केली नाही, तर रोजचा डोस वेगळा पडतो. वापरातली बाटली ३० अंशांच्या आत, साधारण चार आठवडे चालते. पण मे महिन्यात रत्नागिरी-मालवणात दुपारी पारा त्यावर जातो, आणि हवा दमट असल्यानं मातीच्या मडक्याचा गारवा देशावरच्याइतका मिळत नाही. फ्रिजचा दरवाजा बरा. बर्फाला लागून गोठलेलं इन्सुलिन मात्र फेकूनच द्यायचं. मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या बाटलीला १०० ची सिरिंज लावली, तर वीसच्या खुणेवर आठच युनिट जातात. अशा घरात 'कारण कळत नाही' म्हणण्याआधी सिरिंजच्या टोपीचा रंग पाहावा: लाल ४० ची, केशरी १०० ची.

मध्यरात्रीच होडीवर जाणाऱ्यांची झोप आधीच मोडते. त्यांनी घड्याळातले तीन न धरता झोपेच्या मध्यावर तपासावं, आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत झोपेची वेळ बदलली की आकडे पुन्हा नव्यानं घ्यावेत. बंदीतल्या आकड्यांवर ठरलेला डोस ऑगस्टमध्ये होडीवर तसाच नेऊ नये.