मॅक्स बीरबोम

मॅक्स बीरबोम (२४ ऑगस्ट १८७२ – २० मे १९५६) हा इंग्लिश विनोदी लेखक, विडंबनकार, नाट्यसमीक्षक आणि अर्कचित्रकार. चित्राखाली बऱ्याचदा नुसतं 'मॅक्स' लिहायचा आणि लोकही त्याला त्याच नावाने ओळखायचे. लिहिणं नि चित्रं काढणं असं दोन्ही करणारे बरेच असतात पण त्यांची एक बाजू सहसा लंगडी पडते, याची पडली नाही, कारण दोन्हीकडे याचा उद्योग एकच होता, समोरच्याची ढब अचूक पकडायची आणि ती जराशी ताणायची.

जन्म लंडनच्या केन्सिंग्टनमधला. वडील ज्युलियस हे बाल्टिक किनाऱ्यावरच्या मेमेलहून आलेले धान्याचे व्यापारी. त्या काळचा गाजलेला नट आणि नाटक कंपनीचा मालक हर्बर्ट बीरबोम ट्री हा त्याचा सावत्र भाऊ, जवळजवळ वीस वर्षांनी मोठा, त्यामुळे नाटकवाल्यांत उठबस लहानपणापासूनच. चार्टरहाउस शाळा झाली, १८९० ला ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात गेला, तिथे अभ्यास यथातथाच आणि कपड्यांचा थाट मात्र चोख, शेवटी डिग्री न घेताच बाहेर पडला. पण तोवर स्ट्रँड मॅगझिनने १८९२ मध्ये लंडनच्या क्लबांतल्या नमुन्यांची त्याची ३६ चित्रं छापली होती. १८९४ ला 'यलो बुक' या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात त्याने मेकअपची बाजू घेणारा एक लेख लिहिला, तो सरळसरळ थट्टेचा होता तरी बऱ्याच जणांनी गंभीरपणे घेतला आणि चांगलंच झोडपलं. मग १८९६ मध्ये पहिलं पुस्तक आलं, सात छोटे निबंध, आणि नाव काय तर 'द वर्क्स ऑफ मॅक्स बीरबोम', म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी समग्र वाङ्मय! मागे साहित्यसूची जोडलेली आणि शेवटच्या निबंधात आपण आता जुन्या पिढीतले झालो म्हणून निवृत्तीची घोषणा.

नाटककार ऑस्कर वाइल्डच्या वर्तुळातही तो वावरायचा. १८९५ ला समलिंगी संबंधांवरून वाइल्डला अटक झाली तेव्हा पोलीस इन्स्पेक्टरच्या खोलीत भिंतीवर आपणच काढलेलं वाइल्डचं अर्कचित्र मॅक्सला टाचलेलं दिसलं. ते किती दुष्ट होतं हे तेव्हा कळलं, जणू त्याच्याविरुद्धच्या पुराव्यात आपणही भर घातली असं वाटलं, असं त्याने म्हातारपणी सांगितलं होतं.

१८९८ मध्ये बर्नार्ड शॉने 'सॅटरडे रिव्ह्यू' या साप्ताहिकातलं नाट्यसमीक्षेचं सदर सोडलं आणि जाताना याच्या हाती दिलं, 'अतुलनीय मॅक्स' हे बिरूद त्यानेच चिकटवलेलं. मॅक्सच्या पहिल्या लेखाचा विषय होता, आपण नाट्यसमीक्षक का व्हायला नको होतं! नाटकाचं फारसं प्रेम नाही म्हणणाऱ्या या माणसाने ते सदर १९१० पर्यंत चालवलं.

आता चित्रं. पेन्सिल किंवा पेनची बारीक रेघ, त्यावर पातळ जलरंग, बऱ्याचदा भलंमोठं डोकं आणि खाली निमुळतं होत गेलेलं अंग. माणसाला समोर बसवून काढायचं नाही हा नियम, आधी बघून घ्यायचं आणि नंतर आठवणीतून काढायचं, कारण आठवणीत फक्त कामाचं तेवढंच उरतं. १९०४ च्या 'पोएट्स कॉर्नर' या चित्रसंग्रहातलं किपलिंगचं चित्र बघण्यासारखं आहे (हा किपलिंग आपल्या मुंबईत जे. जे.च्या आवारात जन्मलेला तोच). बुटका किपलिंग खेळण्यातली पिपाणी फुंकत चाललाय, हाताशी धरलेली ब्रिटानिया (म्हणजे बाईच्या रूपातलं ब्रिटन), दोघांनी एकमेकांच्या टोप्या घातल्यात आणि तिच्या चेहऱ्यावर असला कसला माणूस पदरी पडला असा भाव. साम्राज्याचा डंका पिटणाऱ्या कवीवर याहून नेमकी टीका कुणी लेखातून केली असेल असं वाटत नाही. किपलिंगवर त्याचा खास राग होता, १९१२ च्या 'अ ख्रिसमस गार्लंड' या विडंबनसंग्रहातही किपलिंगच्या थाटातल्या गोष्टीत पोलीस चक्क सांताक्लॉजलाच पकडतो. त्याच पुस्तकात हेन्री जेम्स, वेल्स, शॉ असे बाकीचे लेखकही सापडतात. राजघराणंही सुटलं नाही. १९२३ च्या लेस्टर गॅलरीतल्या प्रदर्शनात राजघराण्याच्या चित्रांवरून पेपरांनी एवढा गदारोळ केला की त्याने ती काढून घेतली. तरी १९३९ ला 'सर' हा किताब मिळालाच.

१९१० मध्ये फ्लॉरेन्स कान या अमेरिकन नटीशी लग्न करून तो इटलीत रापालोला समुद्रकाठी राहायला गेला, दोन्ही महायुद्धांच्या काळात इंग्लंडला परतला तेवढं सोडलं तर कायमचा. १९११ ची 'झुलीका डॉब्सन' ही त्याची एकुलती एक मोठी कादंबरी, ऑक्सफर्डला आलेल्या एका जादूगारणीपायी कॉलेजातली झाडून सगळी पोरं नदीत जीव देतात आणि ही बाई शेवटी केंब्रिजच्या गाडीची चौकशी करते. मजा आहे पण एकच विनोद जरा लांबतो. त्यापेक्षा १९१९ चं 'सेव्हन मेन' सरस. त्यातला इनॉक सोम्स हा कुणी न वाचलेला कवी सैतानाला आत्मा विकून शंभर वर्षं पुढे, ३ जून १९९७ ला, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात आपलं नाव शोधायला जातो आणि त्याला ते सापडतं फक्त मॅक्स बीरबोमच्या एका गोष्टीतलं काल्पनिक पात्र म्हणून. त्या तारखेला खरोखरच काही वाचक तिथे जाऊन वाट बघत बसले होते.

१९३५ पासून बीबीसी रेडिओवर त्याची भाषणं गाजली. घरी मात्र एक वेगळाच खेळ चालायचा, स्वतःच्या संग्रहातल्या पुस्तकांत खोट्या अर्पणपत्रिका लिहायच्या, व्हिक्टोरिया राणीच्या अक्षरातसुद्धा. १९५१ ला फ्लॉरेन्स गेली, पुढे सांभाळ करणाऱ्या एलिझाबेथ युंगमानशी त्याने मरणाच्या काही आठवडे आधी लग्न केलं. मृत्यू रापालोलाच, अस्थी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये. आपली देणगी छोटी आहे, पण आपण ती न ताणता जपून वापरली असं तो स्वतःच म्हणायचा, तरी १९७२ ला चित्रांची सूची झाली तेव्हा आकडा दोन हजारांवर गेला. नव्याने वाचणाऱ्याने सुरुवात इनॉक सोम्सपासून करावी, 'झुलीका' नंतर.