युद्धबंदी छावण्यांतील चित्रकला

युद्धात शत्रूच्या हाती सापडलेल्या सैनिकांनी बंदिवासात असताना, किंवा सुटकेनंतर आठवणीवरून, छावणीतील जीवनाची केलेली रेखाटने, जलरंगचित्रे, भित्तिचित्रे व कोरीव कामे यांना मिळून ही संज्ञा वापरतात. युद्धकाळात स्थानबद्ध केलेल्या नागरिकांची कला तिला जवळची असली, तरी ती वेगळी धरावी लागते. युद्धबंद्याचा दर्जा आंतरराष्ट्रीय करारांनी ठरवून दिलेला आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनीव्हा कराराचे ३८ वे कलम तर बंद्यांच्या बौद्धिक व शैक्षणिक उपक्रमांना उत्तेजन द्यावे असे स्पष्टपणे सांगते. प्रत्यक्षात मात्र या कलेतील सर्वांत मोलाचे काम जेथे चित्र काढणे जिवावर बेतणारे होते, अशाच छावण्यांत झाले आहे.

ही परंपरा जुनी आहे. नेपोलियनच्या काळात इंग्लंडमधील नॉर्मन क्रॉस येथील फ्रेंच कैदी जेवणातल्या हाडांपासून जहाजांच्या प्रतिकृती घडवीत आणि रंगवलेल्या गवताच्या काड्या पेट्यांवर चिकटवून नक्षीकाम करीत; या वस्तू छावणीच्या दाराशी विकल्या जात. दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिशांविरुद्ध झालेल्या बोअर युद्धातील कैद्यांनी सेंट हेलेना, सिलोन व भारतातील छावण्यांत लाकडी पेट्या आणि पाइप कोरले. त्या छावण्यांपैकी एक पुण्यापासून सुमारे १२० किलोमीटरवर, अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) होती. पहिल्या महायुद्धात जपानमधील बांदो छावणीत जर्मन कैद्यांनी १९१८ मध्ये आपल्या कलाकृतींचे प्रदर्शनही भरवले होते.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि या कलेचे स्वरूपच पालटले. जपान्यांनी हजारो युद्धबंद्यांना व त्याहून अधिक आशियाई मजुरांना ४१५ किलोमीटर लांबीच्या सयाम-ब्रह्मदेश लोहमार्गाच्या कामाला जुंपले. उपासमार, आमांश, पटकी व मारहाण यांनी १२,००० हून अधिक दोस्तराष्ट्रीय कैदी मृत्युमुखी पडले, मजुरांची प्राणहानी त्याहून कितीतरी मोठी होती. कैद झाला तेव्हा रोनाल्ड सर्ल हा ब्रिटिश सैनिक-चित्रकार अवघ्या एकवीस वर्षांचा होता. त्याने हाती लागेल त्या कागदावर खंगलेले सोबती, पहारेकरी, ओझी वाहणारी माणसे टिपली. ही रेखाटने तो पटकीने मरणपंथाला लागलेल्या रुग्णांच्या अंथरुणाखाली दडवीत असे, कारण संसर्गाच्या भीतीने पहारेकरी तेथे हात घालीत नसत. अशा रीतीने वाचलेली सुमारे ३०० चित्रे आज लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत. जॅक चॉकर या दुसऱ्या ब्रिटिश कैद्याने आपली चित्रे बांबूच्या पोकळ कांड्यांत घालून पुरली. त्याचे काम एका अर्थाने वैद्यकीय दप्तरच होते. पायांवरची हाडापर्यंत गेलेली क्षते, बांबूपासून बनवलेली शस्त्रक्रियेची साधने, तोडलेल्या पायांसाठी रचलेले आधार हे सारे त्याने इतक्या निगुतीने रेखाटले आहे, की छायाचित्र काढणे अशक्य असलेल्या त्या ठिकाणी डॉक्टरांनी काय केले, याचा तो विश्वसनीय पुरावा ठरतो. शरीरशास्त्राच्या वहीतली शिस्त आणि सोबत्याविषयीचा कळवळा एकाच रेषेत उतरलेला अन्यत्र क्वचितच आढळेल.

सिंगापूरमधील चांगी येथील छावणीच्या रॉबर्ट्स बराकीतील भित्तिचित्रांची जातकुळी निराळी. आमांशाने अंथरुणाला खिळलेल्या स्टॅन्ली वॉरन या तोफखान्यातील सैनिकाने १९४२ मध्ये तेथील प्रार्थनास्थळाच्या भिंतींवर ख्रिस्तचरित्रातील प्रसंग रंगवायला घेतले. सोबत्यांनी त्याला लष्करी वाहनांना फासायचा तपकिरी रंग, थोडा पांढरा तैलरंग आणि बिलियर्डच्या काठीला लावायचे निळे खडू आणून दिले. निळा रंग जपूनच वापरावा लागला. पुढे भिंतींवर सफेदी चढली आणि चित्रे विस्मरणात गेली. १९५८ मध्ये ती पुन्हा सापडली. वॉरनने १९६३, १९८२ व १९८८ मध्ये सिंगापूरला जाऊन ती सुधारली. पाचांपैकी एका चित्राचा खालचा भाग मात्र मध्यंतरी भिंतीत दार पाडल्याने कायमचा गेला होता.

युरोपातील छावण्यांत अधिकाऱ्यांना तुलनेने बरी वागणूक होती आणि रेड क्रॉस व वायएमसीए या मदतसंस्थांमार्फत वह्या-रंगही पोचत. तेथील चित्रांत कंटाळा, रांगा, थंडी, नाटकांच्या तालमी दिसतात. जॉन वॉर्स्ली या ब्रिटिश कैद्याने तर जर्मनीतील मार्लाग ओ या नौदल अधिकाऱ्यांच्या छावणीत हजेरीच्या वेळी पळालेल्या अधिकाऱ्याची जागा भरण्यासाठी कागदाच्या लगद्याचे माणसाचे डोके घडवले.

पुण्याच्या दृष्टीने या विषयातील सर्वांत दुखरी जागा आताच्या इराकमधील कूत-अल-अमाराची आहे. पहिल्या महायुद्धात, २९ एप्रिल १९१६ रोजी तेथे तुर्कांना शरण गेलेल्या ब्रिटिश-भारतीय सैन्याचे नावच सहावी (पूना) डिव्हिजन असे होते, आणि त्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. शरणागतीनंतर शिपायांना वाळवंटातून पायी हाकलण्यात आले व लोहमार्गाच्या कामावर लावण्यात आले. ब्रिटिश अधिकारी मात्र अनातोलियातील गावांत ठेवले गेले. चित्र काढायला कागद लागतो, बसायला जागा लागते, आणि काढलेले चित्र घरी नेऊन जपणारा कोणी असावा लागतो. यांतले फारच थोडे शिपायाच्या वाट्याला आले, आणि म्हणून युद्धबंदी कलेच्या प्रसिद्ध संग्रहांत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन व जर्मन हातच ठळक दिसतात. पश्चिम आघाडीवर पकडलेल्या भारतीयांसाठी बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फ येथे ‘अर्धचंद्र छावणी’ होती. त्याच युद्धात हेरमान श्ट्रुक या जर्मन चित्रकाराने युद्धबंद्यांची १०० शिळाछाप व्यक्तिचित्रे केली. भारतीय शिपायांचे चेहरे त्यांत येतात. मात्र त्या चित्रांमागचा हेतू वंशशास्त्रीय होता. बंदी तेथे समोर बसवलेला नमुना आहे, सर्लच्या कागदावर तो शेजारी झोपणारा सोबती आहे. दोन्ही चित्रे शेजारीशेजारी ठेवली, तर डोळ्यांच्या रेखाटनातच हा फरक जाणवतो.