प्रोटॉन-टक्करींचे वर्गीकरण

प्रोटॉनांच्या टक्करीतून निघालेल्या कणांच्या मोजमापांवरून ती टक्कर हव्या असलेल्या प्रक्रियेची, म्हणजे सिग्नल, की नेहमीच्या प्रक्रियांची, म्हणजे बॅकग्राउंड, हे ठरवण्याची पद्धत. जिनिव्हाजवळच्या २७ किमी परिघाच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉनांचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी समोरासमोर येतात. सगळे साठवणे अशक्य, म्हणून ट्रिगर ही झटपट निवड करणारी यंत्रणा बहुतेक घटना, म्हणजे टकरींच्या नोंदी, जागीच टाकून देते.

पुढच्या कामाला कोलायडर लागत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी विद्यार्थ्यांना बीएस्सी किंवा विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभियांत्रिकीतील प्रकल्पासाठी कॉलेजच्या साध्या संगणकावर ते जमते. सुरुवातीला याच कोलायडरवरच्या अ‍ॅटलास प्रयोगाचा, हिग्ज बोसॉन हा कण ओळखण्याच्या २०१४ च्या स्पर्धेचा सिम्युलेशन डेटा घ्यावा. कोलायडर चालवणाऱ्या सर्न या संस्थेच्या खुल्या डेटा-संकेतस्थळावर तो मोफत मिळतो. प्रशिक्षणाच्या भागात २,५०,००० घटना असून प्रत्येकीला ३० चले, एक भार (बेरजेत ती घटना कितीची धरायची तो आकडा) आणि सिग्नल की बॅकग्राउंड हे सांगणारे एक लेबल आहे. सिग्नल म्हणजे हिग्जचे दोन टाऊ कणांमध्ये विघटन.

पहिली अडचण चलांमध्ये दिसणाऱ्या −९९९ या आकड्याची. हे मोजमाप नव्हे, ‘मूल्यच नाही’ अशी खूण आहे: घटनेत जेट (एका दिशेने निघालेला कणांचा फवारा) नसेल तर त्याचा संवेग कुठून येणार? इथे सरासरी भरणे चुकीचे. ०, १ आणि २ किंवा अधिक जेट असे गट पाडून, रिकामे स्तंभ वगळून प्रत्येकाचे वेगळे मॉडेल बांधावे. बूस्टेड निर्णयवृक्ष, म्हणजे आधीच्यांच्या चुका सुधारत जाणारे हो-नाही प्रश्नांचे अनेक छोटे वृक्ष, पुरतात. भाराचा स्तंभ मात्र मॉडेलला दाखवू नये. सिग्नल आणि बॅकग्राउंडचे भार इतके वेगळे आहेत की त्यातच उत्तर फुटते.

तोंडी परीक्षेत ‘अचूकता किती?’ हे हमखास विचारतात, पण इथे तो प्रश्नच गैरलागू आहे. फाइलमध्ये सुमारे एक तृतीयांश घटना सिग्नलच्या दिसतात. भारांची बेरीज केली तर सिग्नल सुमारे ६९० आणि बॅकग्राउंड ४.१ लाख. सगळ्यांना बॅकग्राउंड म्हटले तरी भारित अचूकता ९९.८ टक्के येते, आणि हिग्ज एकही सापडत नाही! म्हणून निवडलेल्या सिग्नल आणि बॅकग्राउंडच्या भारांवरून सांख्यिकीय ठळकपणा, म्हणजे सिग्नल बॅकग्राउंडच्या चढउतारांहून किती उठून दिसतो ते, काढतात आणि तो सर्वाधिक होईल तिथे उंबरठा ठेवतात; मॉडेलने त्याहून जास्त गुण दिलेल्या घटनाच सिग्नल म्हणून निवडतात. हा उंबरठा प्रशिक्षणात न वापरलेल्या घटनांवर ठरवावा. त्यासाठी २० टक्के घटना बाजूला काढल्या, तर त्यांचे भार पाचपट करावे लागतात. ते राहून गेले की ठळकपणा निम्म्याहून कमी दिसतो आणि दोष उगाच मॉडेलला दिला जातो.

कोनांबाबतही जपावे. प्रोटॉनांच्या झोताभोवतीच्या कोनाला स्वतःचा अर्थ नसतो. दोन कणांच्या कोनांतला फरक घ्यावा, आणि तो १८० अंशांपलीकडे गेला तर ३६० मधून वजा करावा.