बर्गर फ्रँचायझीचा अर्ज : खर्च आणि पाठबळ यांची तुलना कशी करावी

अमेरिकेत फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीने करारावर सही घेण्यापूर्वी किंवा पैसे स्वीकारण्यापूर्वी किमान 14 दिवस अर्जदाराच्या हाती ‘फ्रँचायझी प्रकटीकरण दस्तऐवज’ ठेवणे फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाच्या नियमानुसार बंधनकारक आहे. त्यातील 23 कलमांचा क्रम सर्व कंपन्यांना सारखाच असल्यामुळे दोन बर्गर कंपन्यांची तुलना करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तीच कलमे शेजारी ठेवून वाचणे. मात्र आयोग या मजकुराची सत्यता तपासून देत नाही.

कलम 5 मध्ये प्रारंभिक शुल्क, 6 मध्ये वेळोवेळी भरावयाच्या रकमा आणि 7 मध्ये एकूण गुंतवणुकीचा अंदाज असतो. अनेकांची नजर प्रारंभिक शुल्कावरच खिळते; माझ्या मते तुलनेसाठी तो सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा आहे. रॉयल्टी, म्हणजे कंपनीचे नाव व पद्धत वापरल्याबद्दल तिला नियमित द्यायची रक्कम, साधारणपणे नफ्यावर नव्हे, तर विक्रीवर आकारली जाते, त्यामुळे तोट्याच्या वर्षीही ती चुकत नाही. मॅकडोनाल्ड्सने 1 जानेवारी 2024 पासून नव्या रेस्टॉरंटसाठी हा दर 4 टक्क्यांवरून 5 टक्के केला. वर्षाची विक्री 20 लाख डॉलर धरली, तर हा एक टक्का वर्षाला 20,000 डॉलर आणि 20 वर्षांच्या करारात 4 लाख डॉलर होतो, म्हणजे त्याच कंपनीच्या 45,000 डॉलरच्या प्रारंभिक शुल्काच्या जवळपास नऊपट. जागा कंपनीच्या ताब्यातील असेल, तर भाडे वेगळे द्यावे लागते. म्हणून रॉयल्टी, भाडे आणि जाहिरात निधी यांची बेरीज करूनच दोन प्रस्ताव ताडून पाहावेत.

पात्रतेत स्वतःच्या, कर्जाऊ नसलेल्या रकमेला मोठे महत्त्व असते; मॅकडोनाल्ड्स किमान 5 लाख डॉलरची अपेक्षा ठेवते. अर्जासोबत सहसा मालमत्ता व देण्यांचे विवरण, बँक खात्यांचे उतारे, आयकर विवरणपत्रे, व्यवसायानुभवाचा तपशील आणि पतइतिहास तपासण्याची संमती द्यावी लागते. इन-एन-आउटसारख्या काही बर्गर कंपन्या फ्रँचायझी देतच नाहीत.

पाठबळाची माहिती कलम 11 मध्ये मिळते. खाली नमूद केल्याखेरीज कोणतेही साहाय्य देण्यास कंपनी बांधील नाही, अशा आशयाच्या वाक्यानेच त्याची सुरुवात होते, हे ध्यानात घेऊन पुढील मजकूर वाचावा. प्रशिक्षण किती तासांचे, प्रवास व निवासाचा खर्च कोणाचा, उद्घाटनाच्या वेळी कंपनीची माणसे किती दिवस थांबणार, हे तेथे शोधावे आणि ‘कंपनी देईल’ व ‘कंपनी देऊ शकेल’ या दोन शब्दप्रयोगांखाली वेगवेगळ्या रंगाच्या रेघा ओढाव्यात, कारण ‘देऊ शकेल’ असे म्हटलेले काहीही नंतर हक्काने मागता येत नाही. फ्रँचायझी विकणाऱ्याने तोंडी दिलेले आश्वासन लेखी करारात आले नसेल, तर ते गृहीत धरू नये.

कलम 20 मध्ये सध्याच्या आणि गेल्या वर्षभरात बाहेर पडलेल्या फ्रँचायझीधारकांचे संपर्क असतात. बाहेर पडलेल्यांना आधी फोन करावा आणि अडचणीच्या वेळी कंपनीकडून कोण, किती दिवसांत आले, एवढे नेमके विचारावे.

शेवटच्या, 23 व्या कलमातील पोचपावतीवर दस्तऐवज प्रत्यक्ष हाती आला तीच तारीख घालावी, कारण 14 दिवसांची मुदत पाळली गेली की नाही याचा पुरावा तीच ठरते. पावतीची एक प्रत कंपनीकडे परत द्यावी व दुसरी स्वतःजवळ जपून ठेवावी.