व्हिडिओ गेम उद्योगातील न्यायालयीन वाद

व्हिडिओ गेम कोण बनवू शकतो, कोणत्या यंत्रावर चालवू शकतो आणि दुसऱ्याच्या गेममधले किती उचलू शकतो, हे बऱ्याच अंशी पेटंट, कॉपीराइट आणि ट्रेडमार्कच्या खटल्यांतून ठरत आले. त्यांतले बहुतेक गाजलेले खटले अमेरिकेतले आहेत.

भांडणाची सुरुवात धंद्याइतकीच जुनी. राल्फ बेअर यांच्या कल्पनेवर मॅग्नाव्हॉक्सने 1972 मध्ये ‘ओडिसी’ हा घरगुती कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र, आणला. त्याच वर्षी अटारीचा ‘पाँग’ हा, ओडिसीतल्या टेबल टेनिसशी मिळताजुळता गेम आला. ओडिसीचे प्रात्यक्षिक मे महिन्यात कॅलिफोर्नियातील बर्लिंगेम येथे झाले होते आणि तिथल्या अभ्यागत-वहीत अटारीचे एक संस्थापक नोलन बुशनेल यांची सही सापडली. 1974 मध्ये मॅग्नाव्हॉक्सने अटारीवर पेटंटभंगाचा दावा दाखल केला; 1976 मध्ये अटारीने तडजोड करून परवाना घेतला.

कन्सोल एकाचा आणि गेम दुसऱ्याचा, ही पद्धतही वादातूनच रुळली. अटारी सोडलेल्या प्रोग्रामरांनी 1979 मध्ये अटारीच्याच कन्सोलसाठी गेम बनवणारी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. तिच्यावरचा अटारीचा दावा 1982 मध्ये तडजोडीने मिटला. खरी कसोटी लागली ती सेगा विरुद्ध ॲकोलेड खटल्यात. सेगाच्या नव्या जेनेसिस कन्सोलला कार्ट्रिजमध्ये (गेम साठवलेल्या, कन्सोलमध्ये खोचायच्या डबीत) ठरावीक जागी S, E, G, A ही चार अक्षरे सापडली तरच गेम सुरू होई, आणि मग पडद्यावर ‘सेगाच्या परवान्याने निर्मित’ अशा अर्थाची ओळ उमटे. गेम बनवणाऱ्या ॲकोलेडने सेगाचा कोड उलगडून ती अक्षरे आपल्या कार्ट्रिजमध्ये घातली. साहजिकच परवाना नसलेल्या गेमवरही ती ओळ दिसू लागली. सेगाने ट्रेडमार्कभंगाचा आरोप केला. 1992 मध्ये अपील न्यायालयाने तो सेगावरच उलटवला: गोंधळ करणारी ओळ कन्सोलच दाखवतो! सुसंगत गेम बनवण्याला दुसरा मार्ग नसताना कोड उलगडणे हा न्याय्य वापर, म्हणजे कॉपीराइट कायद्यात मुभा असलेला वापर, ठरला. त्याच वर्षी अटारी गेम्स (मूळ अटारीतून निघालेली वेगळी कंपनी) मात्र निन्टेन्डोसमोर अडकली. तिने निन्टेन्डोच्या कन्सोलवर बिनपरवाना गेम रोखणाऱ्या कुलूप-चिपचा कोड अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून खोटे कारण सांगून मिळवला होता. कोड उलगडायला हरकत नव्हती, लबाडी नडली.

नकलेचा प्रश्न अधिक निसरडा आहे. खेळाच्या नियमांना कॉपीराइट नाही, त्यांच्या मांडणीला आहे. 1994 मध्ये ‘स्ट्रीट फायटर’ बनवणाऱ्या कॅपकॉमला लढतींच्या गेममधल्या सर्वपरिचित चाली आणि ठरीव पात्रे आपली म्हणून राखता आली नाहीत. 2012 मध्ये ‘टेट्रिस’च्या मालकांनी मात्र झिओ या कंपनीला हरवले, कारण झिओने ठोकळ्यांची रूपे आणि वीस-बाय-दहाचा पटसुद्धा जसाच्या तसा उचलला होता. या दोन निकालांमधली रेषा नेमकी कुठे, हे वकीलही छातीठोकपणे सांगणार नाहीत.

पेटंट कधी कधी न लढताच काम करते. मुख्य गेम लोड होईपर्यंत छोटा गेम खेळू देण्यावर नॅमकोचे पेटंट होते. 2015 मध्ये त्याची मुदत संपली, तोवर डिस्कवरून तासन्‌तास लोडिंग पाहण्याचे दिवसही सरत आले होते.

आशयाच्या बाबतीत 2011 चा निकाल महत्त्वाचा: हिंसक गेम अल्पवयीनांना विकण्यावरचा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि गेमना पुस्तकांसारखेच अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले. याउलट बेल्जियमने 2018 मध्ये पैसे मोजून उघडायच्या, पण आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या गेममधल्या काही पेट्यांना (‘लूट बॉक्स’ना) जुगार ठरवले.

निकाल बाजूने लागला म्हणजे धंदा वाचतोच असे नाही. प्लेस्टेशनचे गेम संगणकावर चालवणारे ‘ब्लीम!’ हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने सोनीविरुद्ध महत्त्वाचे निकाल मिळवले, पण खटल्यांच्या खर्चाने ती बेजार झाली आणि 2001 मध्ये तिने गाशा गुंडाळला.